विहिरीकडून तळ्याकडे

धाराशिव जिल्ह्याच्या उत्तरेस, मांजरा नदीच्या काठी वसलेल्या कळंबचा इतिहास लिहावयास बसले की तो वारंवार पाण्यापाशी येऊन थांबतो. बालाघाटाच्या रांगांत उगम पावून पूर्वेकडे वाहणारी ही नदी पावसाळ्यात दोन्ही तीर भरून चालते आणि चैत्र-वैशाखात वाळूच्या पोटात नाहीशी होते. त्यामुळे या परिसराची तहान पिढ्यान्‌पिढ्या आडांनी, बारवांनी आणि नदीपात्रात खणलेल्या झिऱ्यांनी भागवली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचा अंमल संपला, १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात गेला. दफ्तराची भाषा बदलली, अंमलदारांचे हुद्दे बदलले, परंतु उन्हाळा लागला की रयतेने कचेरीत जाऊन मांडावयाचे गाऱ्हाणे पाण्याचेच राहिले.

पाणी आटण्याच्या चिंतेबरोबर पाणी नासण्याचे भयही इथे पुरातन आहे. पटकीची साथ सुरू झाली की मरीआईचा गाडा सजवून तो गावाच्या शिवेपलीकडे नेऊन ठेवण्याची चाल मराठवाड्यात आणि घाटमाथ्यावर सर्वत्र होती; शेजारच्या गावाने तो गाडा पुढच्या शिवेवर ढकलावयाचा, आणि अशा रीतीने आपली व्याधी क्रमाक्रमाने शेजाऱ्याच्या पदरी घालावयाची, हा त्या विधीचा उघड अर्थ. तालुक्यातील येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा आणि पलीकडे पंढरीची वारी, या दोन्ही वाटांनी माणसे चालत, आणि माणसांबरोबर पटकीही चाले. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली तेव्हा यात्रेकरूंचे पाय वाचले हे खरे, पण पायी चालणाऱ्या संघाबरोबर ज्या व्याधीला गाव गाठावयास आठवडा लागे तिला आता दिवस पुरू लागला.

ज्या सूक्ष्म जीवाविषयी हा लेख आहे, त्याची कुळकथा अशाच विहिरींच्या काठी सुरू होते आणि आजमितीस ती मत्स्यशेतीच्या तळ्यांपर्यंत येऊन ठेपली आहे. जंतूंना खाणारा हा विषाणू, ज्याला शास्त्रज्ञ बॅक्टेरिओफेज आणि व्यवहारात नुसते फेज म्हणतात, तळ्यातल्या माशांच्या रोगांवर उपाय म्हणून पुढे आणला जात आहे. नव्या वस्तूच्या नावाने जेव्हा बाजार उघडतो तेव्हा तिचे पूर्वचरित्र पाहून ठेवावे, विशेषतः ते चरित्र आपल्याच मुलखात घडलेले असेल तर अवश्य पाहावे, एवढाच या लेखनाचा उद्देश आहे.

एर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन नावाचा एक इंग्रज रसायनपरीक्षक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्यास सरकारी नोकरीत होता. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून, पाण्याला गुलाबी छटा काही काळ टिकेल इतक्या मात्रेत ते मिसळून, पटकीचे जंतू नष्ट करण्याची पद्धत त्याने हिंदुस्थानात रूढ केली. ज्यांनी जुन्या वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘विहिरीत लाल औषध टाकले’ हे शब्द ऐकले आहेत, त्यांना या गृहस्थाचे नाव ठाऊक नसले तरी त्याचे काम ठाऊक आहे. स्वस्त, टिकाऊ, चौकीदारालाही टाकता येईल असे हे औषध. सरकारी आरोग्य खात्याने ते जितक्या निष्ठेने अर्धशतकभर वापरले तितक्या निष्ठेने फारच थोडी औषधे वापरली असतील.

याच हॅन्किनने १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडले असता ते काही तासांत मरतात, विहिरीच्या साध्या पाण्यात मात्र ते वाढतात, आणि नदीचे तेच पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो, असे त्याने नमूद केले. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने हिंदुस्थानच्या प्रवासवर्णनात या शोधाचा उल्लेख केला, आणि तेव्हापासून गंगाजलाच्या पावित्र्याला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली म्हणून आपल्याकडे आनंदाने डोलणाऱ्यांची परंपरा सुरू झाली. आज बहुतेक पाठ्यपुस्तके हॅन्किनला फेजचा पहिला साक्षीदार मानतात. मला या परंपरेविषयी थोडी शंका आहे, आणि ती मांडणे भाग आहे: हॅन्किनने स्वतः त्या गुणाचे कारण पाण्यातील एखादे उडून जाणारे द्रव्य असावे असे मानले होते, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी त्याचे मूळ प्रयोग तपासून ते फेजचेच काम होते असे निश्चयाने म्हणता येत नाही असा निर्वाळा दिला आहे. नदीच्या पाण्यात फेज असतात यात वाद नाही. ते गंगेत असतात तसे मांजरेतही असतात, आणि मैलापाणी जिथे मिसळते तिथे तर विपुल असतात. पावित्र्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

निर्विवाद शोध पुढच्या शतकातला. लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने १९१५ साली जंतूंच्या वाढीत काचेसारखे पारदर्शक होत जाणारे ठिपके पाहिले. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या फेलिक्स द’हेरेलने आमांशाच्या रुग्णांच्या मळातून तसाच पदार्थ मिळवला, आणि हा जंतूंवर जगणारा, डोळ्यांना न दिसणारा, चिनी मातीच्या गाळणीतूनही निसटणारा सजीव आहे असे ठामपणे सांगून त्याला नावही दिले. द’हेरेल हा विश्वविद्यालयाची पदवी नसलेला, मेक्सिकोत टोळांच्या रोगावर काम करून आलेला, स्वयंशिक्षित आणि अत्यंत भांडखोर मनुष्य होता. त्याचे म्हणणे खरे की फेज हे जंतूंनीच स्रवलेले एखादे विकर, हा वाद वीस वर्षे चालला आणि १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेजची आकृती दिसली तेव्हाच मिटला.

त्या आकृतीत एक डोके आणि बहुधा एक शेपटी असते. शेपटीच्या टोकाने फेज आपल्या ठरावीक जंतूच्या अंगावर चिकटतो, आपले आनुवंशिक द्रव्य आत सोडतो, जंतूच्या सर्व यंत्रणेला स्वतःच्या प्रती बनवण्याच्या कामी लावतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात जंतू फोडून दहावीस नव्हे तर कित्येकदा शंभरांहून अधिक नवे फेज बाहेर पडतात. जंतू संपले की त्यांची वाढही थांबते. ‘ठरावीक जंतू’ हे शब्द इथे महत्त्वाचे, कारण पटकीच्या जंतूवरचा फेज आमांशाच्या जंतूकडे पाहतही नाही. इतकेच नव्हे, तर एका गावच्या पटकीवर चालणारा फेज दुसऱ्या गावच्या पटकीवर चालेलच अशी हमी देता येत नाही. पुढच्या साऱ्या यशापयशाचे मूळ या एका गुणात आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की द’हेरेलने हे औषध प्रथम माणसांवर नव्हे, पाळीव जनावरांवर अजमावले. १९१९ साली फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांच्या आंत्रज्वराच्या साथीत त्याने फेज पाजून पाहिला. १९२० साली हिंदी-चीनमध्ये जाऊन म्हशींच्या घटसर्पावर, म्हणजे ज्या रोगाने आपल्याकडेही पावसाळ्याच्या तोंडाशी गोठे रिकामे होत त्यावर, काम केले. पॅरिसच्या बालरुग्णालयात आमांशाच्या एका मुलाला फेज दिला तो कोंबड्यांच्या प्रयोगाच्या सुमारासच, आणि तोही द’हेरेलने व इतरांनी आधी स्वतः पिऊन पाहिल्यानंतर. म्हणजे पशुपालकाच्या दारातून हे औषध माणसांच्या इस्पितळात आले.

मुंबईशी त्याचा संबंध प्लेगमुळे जुळला. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग भडकला, वाल्डेमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरात आपली लस टोचून घेतली, आणि त्याची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. त्याच वर्षी इजिप्तमध्ये सागरी क्वारंटाइनच्या नोकरीत असलेल्या द’हेरेलने प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठींत फेज टोचला आणि चारही बरे झाल्याचे जाहीर केले. चार रुग्णांच्या बळावर मोठी आशा उभी राहिली, आणि १९२६ साली त्याला परळला पाचारण करण्यात आले. प्लेगवर फेज इथे तितका लाभला नाही. हाफकिन संस्थेने त्यानंतरही काही वर्षे प्रयत्न सोडला नाही, पण प्लेगच्या रुग्णांवर फेजने इजिप्तमधील चमत्काराची पुनरावृत्ती केली नाही.

पटकीची गोष्ट निराळी. १९२७ साली द’हेरेल पुन्हा हिंदुस्थानात आला आणि मॅलोन व लाहिरी या दोन सहकाऱ्यांसह पंजाबात काम सुरू झाले. रुग्णांना फेज पाजला गेला, आणि ज्यांना तो मिळाला त्यांच्यात शेकडा दहाहून कमी, न मिळालेल्यांत शेकडा साठांच्या आसपास मृत्यू झाले असा अहवाल निघाला. तुलनेचे दोन गट आजच्या कसोटीला उतरावेत अशा रीतीने निवडलेले नव्हते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तथापि आकड्यांतील तफावत इतकी की तिला सर्वस्वी निवडीचा दोष म्हणून बाजूस सारणेही कठीण. रुग्णांबरोबरच द’हेरेलने आणखी एक मार्ग धरला, तो म्हणजे गावाच्या विहिरीत फेज ओतणे. आजारी माणसाला औषध पाजण्यासाठी आधी तो सापडावा लागतो. विहिरीला मात्र सारे गाव येते.

इथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. ज्या विहिरींत हॅन्किनच्या मार्गाने लाल औषध पडत होते त्याच विहिरींत द’हेरेलच्या मार्गाने फेज पडू लागला, आणि हे दोन उपाय एकमेकांचे वैरी होते. परमँगनेट जंतूंना जाळते तसे फेजलाही जाळते. एकाच आठवड्यात दोन खात्यांचे दोन कर्मचारी एकाच विहिरीवर आले असते तर पहिल्याचे काम दुसऱ्याने पुसून टाकले असते. हा विरोध एकदा ठसठशीतपणे समजून घेतला की मत्स्यशेतीच्या प्रकरणात त्याचा पुन्हा प्रत्यय येतो.

आसामात कर्नल मॉरिसन या शिलाँगच्या पाश्चर संस्थेतील अधिकाऱ्याने नौगाव व हबीगंज हे दोन मुलूख समोरासमोर ठेवून काही वर्षे फेजची मोठी चाचणी केली. नौगावात फेज वाटला, हबीगंजला आरंभी वाटला नाही, आणि पहिल्या मुलखात पटकी कमी झाल्याचे त्याने कळवले. पाटण्याला आशेशोव्ह या रशियन जंतुशास्त्रज्ञाने पटकीचे फेज एका जातीचे नसून अनेक प्रकारचे आहेत हे दाखवून दिले. एवढे होऊनही १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे काम ओसरले. साथ आपोआपही ओसरते, मग श्रेय कोणाला द्यावे, हा आक्षेप त्याला कायम चिकटून राहिला. युरोप-अमेरिकेत तर औषधांच्या दुकानांतून फेजच्या कुप्या विकल्या जाऊ लागल्या होत्या. कोणत्या जंतूसाठी कोणता फेज हे न पाहता, कित्येकदा कुपीत जिवंत फेज आहे की नाही हेही न पाहता. १९३४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेसाठी इटन आणि बेन-जोन्स यांनी लिहिलेल्या परीक्षणाने या व्यापारावर कोरडे ओढले. त्यानंतर पेनिसिलिन आले, आणि कोणता जंतू आहे हे न विचारता एकच सुई टोचण्याची सोय झाल्यावर हा चोखंदळ विषाणू कोणाला हवा होता? तो टिकला तो जॉर्जियातील तिबिलिसी शहरी, जिथे द’हेरेलचा मित्र जॉर्ज एलियावा याने संस्था उभारली होती. एलियावाला १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने गोळी घातली, पण संस्था चालू राहिली.

आता मांजरेच्या माशांकडे येऊ. कळंबच्या आसपास नदीत मरळ, वाम, झिंगे धरणारे भोई पूर्वापार आहेत. पागजाळे, गळ आणि ओसरत्या पुरात बांधलेले आडोसे ही त्यांची साधने होती, आणि माशाला रोग झाला तर तो नदीने आणला व नदीनेच नेला असे मानण्यास त्यांना कोणी अडवीत नव्हते. मासे पाळावयाचे, म्हणजे बीज टाकावयाचे, खाद्य घालावयाचे, काढणी करावयाची, हा प्रकार आला तो तलाव आणि धरणे आल्यावर. बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर धनेगाव येथे मांजरा अडवली गेली, आणि १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या प्रकल्पात सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर पाणी साठविण्याची सोय झाली. तलावांवर मच्छीमार सहकारी संस्थांचे ठेके सुरू झाले. त्यांत सोडावयाचे मासे मात्र मांजरेचे नव्हेत; कटला, रोहू आणि मृगळ या तिघांचे मूळ घर गंगेचे खोरे. पूर्वी त्यांचे जिरे बंगालच्या नद्यांतून धरून हंड्यांतून, पुढे डब्यांतून, आगगाडीने देशभर जाई, आणि वाटेत किती मेले याचा हिशेब कोणी विचारीत नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचे टोचण देऊन बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले आणि बीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याचे दिवस सरले. हा दिवस आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

बीज मुबलक झाले तशी दाटी वाढली, आणि दाटी आली की रोग आला, हे गोठ्याला लागू तसे तळ्यालाही. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे धरण मृतसाठ्याखाली गेले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. प्लास्टिकचे अस्तर घातलेले, न वाहणारे, उन्हाने तापणारे पाणी. त्यात कोणी कटला-रोहू, कोणी चिलापी सोडतो. अशा पाण्यात एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू बारमाही वास्तव्य करून असतो. मासा धडधाकट असेपर्यंत तो निमूट असतो. मासा दमला, जखमला, किंवा बीज दुरून प्रवास करून आले की तो चढतो. अंगावर लाल चट्टे, खवले उभे राहणे, पोटात पाणी होणे, पर आणि शेपटी झडणे ही त्याची चिन्हे.

इथे एका जुन्या घोटाळ्याची आठवण देणे उपयुक्त. १९८८ साली ईशान्येकडून देशात शिरलेल्या व्रणरोगाने पुढील काही वर्षांत गोड्या पाण्यातील मासे देशभर सडवले. व्रणांतून एरोमोनास सापडे, म्हणून कित्येक वर्षे तोच मुख्य आरोपी समजला गेला. पुढे खरा कर्ता ॲफॅनोमायसिस ही बुरशीसारखी जात ठरली, आणि जंतू मागाहून जखमेत शिरणारा निघाला. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने सिफॅक्स हे रासायनिक मिश्रण त्यावर काढले. त्या काळी कोणी फेज वापरून पाहिला असता तर तो सपशेल फसला असता आणि दोष मात्र फेजच्या माथी बसला असता. निदान आधी, हा नियम इथे इतर कोणत्याही औषधापेक्षा कडक आहे.

माशांवर फेज अजमावण्याची सुरुवात पूर्वेकडे झाली. तैवानात १९८१-८२ मध्ये एरोमोनास आणि एडवर्डसिएला या जंतूंवरील फेज वेगळे करण्यात आले. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या नाकाई व पार्क यांनी १९९९ साली यलोटेल या समुद्री माशावर, आणि पुढच्या वर्षी आयू या नदीच्या माशावर प्रयोग प्रसिद्ध केले. आयूच्या बाबतीत त्यांनी फेज खाद्यात मिसळून दिला. मृत्यू घटले, आणि फेजला दाद न देणारे जे जंतू उरले त्यांची रोग करण्याची शक्तीच उणावलेली आढळली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण प्रतिजैविकाला न जुमानणारा जंतू बहुधा तितकाच घातक राहतो, इथे मात्र सुटकेची किंमत त्याला मोजावी लागली. अर्थात प्रत्येक जंतू अशी किंमत मोजेलच असे समजू नये. आपल्या देशात मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयात इंद्राणी व इड्या करुणासागर यांच्या गटाने कोळंबीच्या पिलांना मारणाऱ्या, अंधारात चमकणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेयी या जंतूवरचे फेज मिळवले आणि २००६-०७ मध्ये कोळंबी बीजकेंद्राच्या टाक्यांत ते वापरून पिलांची जगण्याची टक्केवारी प्रतिजैविक दिलेल्या टाक्यांहून सरस असल्याचे दाखवले. फेज मिळवले कुठून? किनाऱ्यावरच्या पाण्यातून आणि बीजकेंद्रांच्याच पाण्यातून. नॉर्वेत तर साल्मनच्या एका जंतुरोगासाठी फेजचे स्नान व्यापारी स्वरूपात उपलब्ध आहे.

कृती सोपी वाटावी अशीच आहे. आजारी माशाच्या मूत्रपिंडातून जंतू वेगळा करावयाचा. त्याच तळ्याचे किंवा शेजारच्या नाल्याचे पाणी त्या जंतूंच्या वाढीत मिसळून रात्रभर ठेवावयाचे. मग ते अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून जंतूंचा थर असलेल्या ताटलीवर त्याचा थेंब सोडावयाचा, आणि जिथे थर विरून स्वच्छ ठिपका पडेल तिथे फेज आहे असे समजावयाचे. अवघड भाग पुढेच. काही फेज जंतूला मारीत नाहीत, त्याच्या गुणसूत्रात शिरून मुक्काम करतात आणि कधी कधी त्याला नवी शस्त्रे पुरवतात. पटकीच्या जंतूचे विषच मुळी एका फेजने आणून दिलेले आहे, हे १९९६ साली सिद्ध झाले. ज्या व्याधीवर द’हेरेल फेज पाजत होता तिच्या विषाचा उगमही फेजच असावा, ही नियतीची थट्टा म्हणावी लागेल. म्हणून निवड करताना केवळ मारक जातीच घ्यावयाच्या, त्यांचा जनुकक्रम तपासावयाचा, आणि जंतूने एकाला चुकवले तर दुसरा सज्ज असावा म्हणून तीन-चार जाती एकत्र द्यावयाच्या.

देण्याची रीतही विचारात घ्यावी लागते. मोठ्या तलावात फेज ओतणे व्यर्थ. तो पातळ होतो आणि उन्हातील अतिनील किरणे त्याला निकामी करतात. बोटुकली तळ्यात सोडण्यापूर्वी टाकीत स्नान घालणे किंवा खाद्यावर फवारून देणे, हे मार्ग परवडणारे. आणि इथेच आपला जुना परिचित पुन्हा भेटतो. मत्स्यशेतकरी आजही माशाला रोग दिसला की लाल औषध आणतो. लिटरमागे दोन ते चार मिलिग्रॅम मात्रेने तळ्यात परमँगनेट सोडण्याची शिफारस पुस्तकांत आहे, बीजाला त्याच्या द्रावणात बुडवून काढण्याचीही आहे. आग्र्याच्या हॅन्किनने विहिरीसाठी काढलेले औषध शंभर वर्षांत तळ्यात आले. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ते स्वस्त आहे आणि परजीवी व बुरशी यांवर काम करते. मात्र सकाळी परमँगनेट आणि संध्याकाळी फेज हा क्रम धरला तर पैसे बुडाले असे समजावे. ब्लीचिंग पावडरचेही तेच. औषधे अनेक असोत, एका पंधरवड्यात एकाचाच अंमल तळ्यावर चालू द्यावा.

आजच फेज का, याचे उत्तर प्रतिजैविकांच्या दुरुपयोगात आहे. खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळणे सोपे असते, आणि ते मिसळलेले पाणी शेवटी ओढ्याला जाते. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ साली मनाई केली, ती माणसांसाठी राखलेले अखेरचे औषध बोथट होऊ नये म्हणून. किनारी भागात निर्यातीच्या कोळंबीवर परदेशी परीक्षकांची नजर असते; कळंबच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कटल्यावर ती नाही, म्हणून इथली जबाबदारी अधिकच ज्याची त्याची.

तरीही फेजविषयी माझे मत उत्साहाचे नसून सावध अनुकूलतेचे आहे. शेततळ्यातील बहुतेक मरतुक जंतूंची नसते. पहाटे पाण्यातील प्राणवायू सरतो, मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेऊ लागतात, आणि दुपारपर्यंत उलटे तरंगतात. त्यावर ना फेज चालतो ना प्रतिजैविक, पाणी बदलणे आणि हवा देणे एवढेच चालते. गेल्या शतकातील पहिला फेजव्यापार बुडाला तो फेज खोटा होता म्हणून नव्हे. कुठल्याही जंतूसाठी कुठलाही फेज अशा बेहिशेबी विक्रीने तो बुडाला. परदेशात बांधलेली, सर्व जंतूंवर चालते असे छापलेली कुपी कळंबच्या कृषी सेवा केंद्रात आली तर तोच प्रकार नव्याने सुरू होईल. मांजरेच्या खोऱ्यातील एरोमोनासवर चालणारा फेज बहुधा मांजरेच्याच पाण्यात सापडेल. तो शोधण्याचे काम उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाने, जे याच खोऱ्याच्या मुलखात आहे, आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून हाती घ्यावे, आणि जिल्हावार जंतू व फेज यांचा संग्रह ठेवावा. विक्रेत्यांना परवाने वाटण्यापूर्वी हे झाले पाहिजे.

तळे असलेल्या वाचकाला एकच सांगणे आहे. मासे मरू लागले की मेलेला मासा घेऊन दुकानात जाऊ नये. मेलेल्या माशात असंख्य जंतू शिरलेले असतात आणि त्यावरून निदान होत नाही. अजून जिवंत पण सुस्त झालेले दोन-चार मासे तळ्याच्याच पाण्यासह, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, कोणतेही औषध टाकण्यापूर्वी प्रयोगशाळेकडे पाठवावेत, आणि उत्तर येईपर्यंत खाद्य बंद ठेवावे.